काठी चालते, माणूस का अडतो?

विमानतळावर हातातली काठी मशीनच्या पट्ट्यावर ठेवावी लागते. मग पुढची दोन मिनिटं उभं राहायचं ते कुणाच्या भरवशावर? कोलकात्याच्या दमदम विमानतळावर हा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला आणि त्यातलं एक प्रकरण तर थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं.

नेताजी सुभाषचंद्र बोस आंतरराष्ट्रीय विमानतळ हे कागदोपत्री नाव. कोलकात्याच्या लोकांच्या तोंडी मात्र अजून दमदमच. दुर्गापूजा तोंडावर आली की इथल्या सुरक्षा तपासणीच्या रांगा लांबत जातात. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात उतरून कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ उरकून परतणारी मराठी मंडळीही त्यात असतात. अशा रांगेत एखाद्या आजी काठी टेकत पुढे सरकतात. पर्स ट्रेमध्ये जाते, मोबाइल जातो, मग जवान म्हणतो, ‘माताजी, लाठी भी मशीन में डालिए.’

जवानाचं काही चुकत नाही. पण काठी रबरी पट्ट्यांच्या पडद्याआड गेली की आजी अलीकडे आणि काठी पलीकडे. मध्ये धातुशोधक चौकट आणि चार-पाच पावलांचं अंतर. बाकीच्यांच्या ते लक्षातही येत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्याला किंवा अर्धांगवायूतून सावरणाऱ्याला मात्र तेवढ्यात घाम फुटतो.

काठी म्हणजे म्हातारपणाची शोभा नव्हे. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, हे अनेकांना माहीत नसतं. दुखऱ्या पायावर भार आला की कमरेचा तोल सांभाळायला खुब्याच्या स्नायूंना जोर लावावा लागतो. पलीकडच्या हातातली काठी त्यातला बराच भार उचलते. काठी काढून घेतली की तो सगळा भार पुन्हा त्याच सांध्यावर. म्हणजे तपासणीच्या पट्ट्यावर जाते ती नुसती वस्तू नसते, अर्धा पायच असतो म्हणा ना!

छत्रीच्या शेजारी काठी

‘विमानात काठी नेऊ देतात का हो?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. उत्तर सरळ आहे, नेऊ देतात. आपल्याकडे केबिन बॅगेशिवाय जवळ बाळगता येणाऱ्या वस्तूंची एक जुनी यादी आहे. बायकांची पर्स, ओव्हरकोट, ब्लँकेट, कॅमेरा किंवा दुर्बीण, वाचायची पुस्तकं, तान्ह्या बाळाचं खाणं आणि ‘छत्री किंवा चालण्याची काठी’. कुबड्या आणि घडीची व्हीलचेअरही त्याच यादीत, ज्याला त्यांची गरज आहे त्याच्यासाठी. यादी वाचताना मौज वाटते. दुर्बीण, ओव्हरकोट आणि काठी घेऊन निघालेला एखादा जुन्या जमान्यातला साहेब डोळ्यांसमोर येतो.

हॉकी स्टिक, क्रिकेटची बॅट, गोल्फचा दांडा यांना मात्र केबिनमध्ये मज्जाव. ते चेक-इन सामानात टाकायचं. डोंगर चढताना वापरतात ती टोकदार ट्रेकिंगची काठी नेमकी या दोन्हींच्या सीमेवर येते. चारधामला घेतलेली तीच काठी पुढे रोजच्या चालण्याला वापरणारे पुष्कळ. खालचं लोखंडी टोक पाहून जवानाने अडवलं तर वाद घालून उपयोग नाही. प्रवासाला रबरी बूच असलेली साधी काठीच बरी.

मशीनमध्ये घालायची कशासाठी? त्याचं उत्तर मराठी माणसाला समजावून सांगायला नको. गुप्ती हा शब्द आपल्या भाषेत आहेच. वरून काठी, आत पातं. शिवाय आजच्या ॲल्युमिनियमच्या काठ्या आतून पोकळ असतात. आजोबांच्या काळची पितळी सिंहमुखी मुठीची काठी एक्स-रेच्या पडद्यावर जास्तच संशयास्पद दिसते. ती वारसा म्हणून न्यायची असेल तर चेक-इन बॅगेतून न्यावी.

एके काळी ही तपासणी एवढी कडक नव्हती. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं आयसी-८१४ विमान पळवून कंदाहारला नेलं गेलं आणि चित्र पालटलं. २००० सालापासून एकेका विमानतळाची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे आली. २००१ मध्ये अमेरिकेतल्या अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर तर जगभरच हात आखडला. त्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो यंत्राच्या पलीकडच्या नजरेचा.

हातात काठीही नव्हती

१९ फेब्रुवारी २०१२. कोलकात्याच्या जीजा घोष गोव्याला निघाल्या होत्या. त्यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. बोलणं, चालणं इतरांपेक्षा वेगळं, पण बुद्धी तल्लख. कोलकात्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी या संस्थेत त्या अपंगांच्या हक्कांचं काम करत होत्या. गोव्यात परिषद होती ती मुंबईच्या ‘अडॅप्ट’ या संस्थेची. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये सुरू केलेली स्पास्टिक्स सोसायटी ती हीच, नाव तेवढं बदललं.

जीजा घोष यांच्या हातात काठी नव्हती, कुबडी नव्हती. त्यांनी मदत मागितली ती फक्त सामानापुरती. काउंटरवरच्या लोकांनी त्यांना पाहिलं, सुरक्षा कर्मचाऱ्यांनी तपासलं आणि त्या स्वतःच्या पायांनी स्पाइसजेटच्या विमानात जाऊन बसल्या. तिथे कर्मचाऱ्यांनी त्यांचा बोर्डिंग पास मागितला आणि खाली उतरायला सांगितलं. वैमानिकाला त्यांच्या प्रकृतीची शंका आली होती म्हणे! डॉक्टरला विचारण्याचे कष्टही कुणी घेतले नाहीत. त्या रडल्या, परिषदेला पोहोचणं किती गरजेचं आहे ते सांगितलं. उपयोग झाला नाही. विमान त्यांच्याशिवाय उडालं.

जीजा घोष आणि अडॅप्ट यांनी सर्वोच्च न्यायालयात रिट याचिका केली. चार वर्षांनी, १२ मे २०१६ रोजी न्या. ए. के. सिक्री आणि न्या. आर. के. अगरवाल यांच्या पीठाने निकाल दिला. वैद्यकीय सल्ल्याशिवाय त्यांना उतरवणं चूक होतं, विमान कंपनीने त्यांना १० लाख रुपये भरपाई द्यावी. रकमेपेक्षा मोलाचं होतं ते न्यायालयाचं म्हणणं. अपंगांना दया नको असते, माणूस म्हणून सन्मान हवा असतो आणि तो त्यांचा हक्कच आहे, अशी निकालाची दिशा होती.

एवढं झाल्यावर दमदमला तरी सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच जीजा घोष दिल्लीला निघाल्या, बरोबर होत्या कुहू दास. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे पायाला कॅलिपर लावणाऱ्या कार्यकर्त्या. तपासणीत त्यांना कॅलिपर काढायला सांगितलं गेलं. ते काढायचे म्हणजे पँट उतरवायची. आता बोला! आणि जीजा घोष यांना विमान कंपनीने ऐकवलं की सोबतीशिवाय एकट्याने जाता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयात जिंकून आलेल्या बाईंना! जानेवारी २०२४ मध्ये याच विमानतळावर व्हीलचेअरवरच्या एका तरुणीला उभं राहायला सांगितलं गेलं, तेही एकदा नव्हे, तीनदा, असं तिने सोशल मीडियावर लिहिलं.

हे फक्त कोलकात्यातच घडतं असं कुणी समजू नये. ‘नाचे मयूरी’मुळे घरोघरी पोहोचलेल्या सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये पंतप्रधानांना उद्देशून एक व्हिडिओ टाकला. प्रत्येक विमानतळावर कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो, आमच्यासारख्यांना एखादं ओळखपत्र द्या, अशी त्यांची विनवणी होती. सीआयएसएफने दिलगिरी व्यक्त केली आणि कृत्रिम अवयव अपवादात्मक परिस्थितीतच काढायला सांगायचा असतो, असं स्पष्ट केलं. म्हणजे नियम बाजूने असतो, तो उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचत नाही.

रांगेत उभं राहण्याआधी

म्हणूनच घरच्यांनी थोडी तयारी करावी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार मदत हवी असेल तर उड्डाणाच्या ४८ तास आधी कळवायचं असतं. तिकीट काढतानाच सांगितलं तर उत्तम. ही मदत फुकट असते. कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत. स्वतःचं जेवणखाण, स्वच्छतागृह, बोलणं-चालणं आपण सांभाळू शकतो असं प्रवाशाने सांगितलं, तर सोबतीचा आग्रह कंपनीला धरता येत नाही.

तपासणीच्या जागी काठी पट्ट्यावर ठेवण्याआधी तोंड उघडून सांगावं, ‘मला आधाराशिवाय उभं राहता येत नाही, खुर्ची द्या.’ बसवून हातातल्या यंत्राने तपासणी होऊ शकते. आपली माणसं इथेच संकोचतात. मागे रांग खोळंबते म्हणून आजोबा दात-ओठ खाऊन चौकटीतून जातात. गुडघ्यात किंवा खुब्यात धातूचा सांधा असेल तर यंत्र वाजणारच. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असली तरी तपासणी चुकत नाही, पण समजावणं सोपं जातं. मुलगा-सून बरोबर असतील तर एकाने आधी पलीकडे जावं आणि काठी बाहेर येताच ती आणून द्यावी.

आणि व्हीलचेअर मागायला लाजू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या एका वृद्ध जोडप्याला एकच व्हीलचेअर मिळाली. ऐंशी वर्षांचे पती पत्नीला बसवून स्वतः चालत निघाले आणि इमिग्रेशनपर्यंतच्या वाटेवर कोसळले. त्यांचा मृत्यू झाला. एअर इंडियाला त्याबद्दल ३० लाखांचा दंड झाला.

विमानात शिरल्यावर काठीचा ताबा पुन्हा सुटतो. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी ती हातात किंवा मांडीवर ठेवू देत नाहीत. कारण पटण्यासारखं आहे. मोठं विमान वापरात येण्याआधी निम्मे दरवाजे बंद ठेवून सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर काढून दाखवावी लागतात. अशा घाईत वाटेत आडवी पडलेली काठी दहा जणांना पाडेल. अंध प्रवाशांच्या पांढऱ्या काठीसाठी अमेरिकेच्या नियमांत जागाच नेमून दिली आहे. सीटखाली जमिनीला सपाट, नाहीतर खिडकीची सीट आणि विमानाची भिंत यांच्यामध्ये. वाटेत यायला नको आणि संकटकालीन दरवाजाची रांग नको. आपल्याकडे बहुधा हवाई सुंदरी ती डोक्यावरच्या कप्प्यात ठेवून देते. तेव्हा ती कुठल्या कप्प्यात गेली हे पाहून ठेवावं आणि पट्टा सोडण्याची खूण झाली की मागून घ्यावी. स्वच्छतागृहापर्यंत जायलाही ती लागतेच. घडीची काठी असेल तर पुढच्या सीटखाली पायापाशी मावते, मागामागी वाचते.

विमान थांबताच सगळे एकदम उठतात, कप्पे धडाधड उघडतात. त्या गर्दीत उभं राहू नये. वाट मोकळी होईपर्यंत बसावं, काठी हातात आली की मगच उठावं. शिडी उतरायची वेळ आली तर रुग्णांसाठीची वर-खाली होणारी गाडी मागावी. आणि एवढं करूनही कुणी अपमान केला, तर तारीख, वेळ, उड्डाणाचा क्रमांक तिथल्या तिथे लिहून घ्यावा. विमान कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तिथे ऐकलं नाही तर सरकारच्या एअरसेवा या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.