चंदीगडला पाऊस, मनालीला बर्फ

जानेवारीत चंदीगडला पावसाची झड लागली, की वर मनालीच्या डोंगरांत बहुधा बर्फ पडत असतो. दोन्हींचं मूळ एकच: पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राकडून निघालेली ही वादळी हवा हिवाळाभर हिमालयाला थडकते. हेलिकॉप्टरने मनालीजवळच्या हनुमान टिब्बा शिखराकडच्या उतारांवर जाणारे स्कीपटू याच बर्फाची वाट पाहतात. पण हा बर्फ दगाही देतो. कडाक्याच्या थंडीत तळच्या थराचे साखरेसारखे सुटे दाणे होतात. मुठीत दाबले तरी गोळा वळत नाही. त्यांवर नवा जड थर बसला, की एका माणसाच्या वजनानेही अख्खा उतार सुटू शकतो. चंदीगडमधली डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ते पाहिल्याशिवाय कुणी वर जाऊच नये, असं मला कळकळीनं वाटतं.