भाकरीऐवजी रिकामा चौकोन

परवा दुपारी मोबाईल वाजला. सुनेचा मेसेज होता. उघडून बघते तर एकही अक्षर नाही, नुसता एक रिकामा चौकोन! पोटात धस्स झाले.

कारण सांगते. आमची सून धारवाडची, माहेर कन्नड. दोघे नोकरीसाठी बेंगळुरूला असतात. बोलताना आम्हा सासू-सुनेचे काही अडत नाही. अर्धे मराठी, अर्धे कन्नड. पंचाईत लिहिताना होते. ती मराठी लिहिताना अडखळते, मी कन्नड अक्षरे जुळवत वाचते. त्यात तिला तिसरा महिना. पोटात काही म्हणजे काही ठरत नव्हते. म्हणून मीच सांगितले, "जे पोटात राहील त्याचे चित्र पाठव, बाई. लिहीत बसू नकोस." मग कधी केळे यायचे, कधी भाताची वाटी. तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

आणि आज रिकामा चौकोन. मी समजले, ताट रिकामे. दोनदा फोन केला, उचलला नाही. मुलगाही फोन घेईना. हे मला धीर देत होते, पण त्यांचाही चहा कपात तसाच निवला.

पाच वाजता तिचाच फोन आला. आवाज ताजातवाना. "रोट्टी तिंदे, आई. निद्दी बंतु!" अर्धी जोळद रोट्टी खाऊन, फोन आवाज बंद करून ती चक्क झोपली होती. तिने भाकरीचेच चित्र पाठवले होते!

मग चौकोन कुठून आला? शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने समजावले. ही चित्रे, म्हणजे इमोजी, खरे तर अक्षरांसारखीच असतात. युनिकोड नावाच्या जागतिक यादीत प्रत्येकाला एक क्रमांक आहे. देवनागरी आणि कन्नड अक्षरांना तो 1991 पासूनच आहे. जपानी मोबाईलमधली ही चित्रे 2010 साली त्या यादीत मोठ्या संख्येने आली. मेसेजमधून जातो तो क्रमांक. चित्र ज्याच्या त्याच्या फोनमधले. म्हणून तर 2017 साली गूगलच्या बर्गरमध्ये चीज टिक्कीच्या खाली आणि ॲपलच्या बर्गरमध्ये वर, यावरून जगभर चर्चा रंगली होती. चपट्या भाकरीचे चित्र यादीत आले 2020 साली. माझा फोन 2018 चा, नंतर कधी अपडेट न केलेला. क्रमांक पोचला, पण चित्रच नाही. मग फोनने चौकोन दाखवला.

गंमत बघा, त्या यादीत आपल्या भाकरीचे वेगळे चित्र नाहीच. चपट्या पोळी-भाकरीसाठी एकच सर्वसाधारण चित्र. आम्ही त्याला भाकरी म्हणतो, ती रोट्टी म्हणते, दोघींचे बरोबर. मोदकाचे चित्रही नाही. गणपतीत ती मोमोसारखे चित्र पाठवते आणि 'कडबू' म्हणते. मी मोदक समजते.

आता एक नियम केला आहे. चित्राबरोबर एक शब्द लिहायचाच, आपापल्या लिपीत. तुमच्याही घरी कोणाचे औषधपाणी, जेवणखाण अशा चित्रांवर चालत असेल, तर शब्द जोडायला विसरू नका.

काल तिचा मेसेज आला. पुन्हा तोच चौकोन, पण पुढे कन्नडमध्ये लिहिलेले. चष्मा लावून एकेक अक्षर जुळवले : 'एरडु रोट्टी'.

दोन! ह्यांना हाक मारून सांगितले.