गुलगुल्याचं खरं काम पाण्याचं

आषाढात नाशिककर गोदावरीच्या पुराचा अंदाज दुतोंड्या मारुतीकडे बघून घेतात. पाणी गुडघ्याला आहे की कमरेला, एवढ्यावरून सगळं कळतं. याच दिवसांत घरोघरी ‘आषाढ तळतात’, तेव्हा कढईपाशीही असंच मोजमाप चालतं. तिथली खूण म्हणजे बुडबुडे.

आषाढतळणीतला सर्वांत सोपा गोड पदार्थ म्हणजे गुलगुले. वाटीभर कणीक, पाण्यात विरघळवून गाळलेला अर्धी वाटी गूळ, बडीशेप, चिमूटभर मीठ आणि तेवढाच खायचा सोडा. पीठ भज्यांसारखं सैल ठेवायचं. गूळ किंचित आम्लधर्मी असतो. सोड्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि गुलगुला आतून जाळीदार होतो. पीठ फार फेटलं तर मात्र गव्हातलं ग्लुटेन ताणलं जाऊन तो चिवट होतो.

आता तेलात पिठाचा थेंब सोडून बघा. तो तळाशीच बसला तर तेल गार आहे, लगेच काळवंडला तर फार तापलंय. बुडबुडे सोडत अलगद वर आला, की तेल १७०-१८० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे असं समजावं. पाणी १०० अंशांना उकळतं आणि वाफ होताना सुमारे १,६०० पट फुगतं. ते बुडबुडे या वाफेचे. आतून जोरानं बाहेर पडणारी वाफ तेलाला आत शिरू देत नाही. तेल गार असेल तर वाफेचा जोर कमी पडतो, कवच धरायला वेळ लागतो आणि गुलगुला तेलकट होतो.

तांबूस रंग आणि खमंग वास येतो साखर व प्रथिनांच्या अभिक्रियेतून. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये ती मांडली. गुळामुळे रंग लवकर चढतो, म्हणून आच मध्यमच हवी. नाहीतर बाहेरून लाल, आत कच्चं.

बुडबुडे मंदावले की गुलगुले काढा आणि झाऱ्यावरच नीट निथळा. बाहेर आल्यावर आतली वाफ निवते, दाब घटतो आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. बरंचसं तेल गुलगुला कढईत नव्हे, ताटात पितो.

उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. त्यात ध्रुवीय संयुगं साठतात. ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरू नये, असा देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. घरी हे मोजता येत नाही. तेव्हा कढईत लागेल तेवढंच तेल घ्या. ते काळपट, चिकट झालं किंवा फेसाळू लागलं, तर मोह न धरता टाकून द्या.