लढाऊ विमानाची प्रतिकृती : तिचा रंग आणि तिचे डाग

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेतील एक विद्यार्थी गिरगावातील आपल्या घरून पुठ्ठ्याच्या पेटीत एक वस्तू मोठ्या जपणुकीने घेऊन माझ्याकडे आला. ते एका लढाऊ विमानाची वीतभराहून किंचित लहान अशी प्रतिकृती होती. सांधे बेमालूम जुळले होते व रंगही एकसारखा बसला होता. परंतु त्यावर जागोजागी तेलाचे ओघळ, काजळी, चंदेरी ओरखडे आणि पंखांवर डझनभर गोळ्यांची छिद्रे होती. "हे तेल कोठून आले?" असे मी विचारताच तो म्हणाला, "सर, युद्धातले विमान मळलेलेच दिसायला हवे ना?" या उत्तरातून प्रस्तुत लेख जन्मास आला.

त्याने निवडलेले विमान सॉपविथ कंपनीचे 'डॉल्फिन' होते, आणि निवडीचे कारण अभिमानास्पद होते. पहिल्या महायुद्धात जे मोजके भारतीय तरुण ब्रिटिश विमानदलात वैमानिक झाले, त्यांत इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक व सेन यांच्याबरोबर आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हेही होते. केंब्रिज येथे शिकलेले हे गृहस्थ २३ व्या स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन विमान चालवीत. २७ जून १९१८ रोजी ते गस्तीवर गेले ते परतलेच नाहीत. जखमी अवस्थेत ३० जून रोजी त्यांचा अंत झाला. फ्रान्समधील आंगार या गावच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे.

आता प्रतिकृतीकडे वळू. डॉल्फिनच्या पंखांचा विस्तार ३२ फूट ६ इंच होता. १:४८ या प्रमाणात खऱ्या विमानाचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीचा पाव इंच. म्हणून तिचे पंख सुमारे सव्वाआठ इंच भरतात. रंग देण्यापूर्वी सांधे बारीक काचकागदाने घासावेत, साबणाच्या पाण्याने हाताचा तेलकटपणा धुऊन काढावा व करड्या अस्तराचा एक पातळ हात द्यावा. अस्तरामुळे दडलेले दोष उघडे पडतात व ते वेळीच सुधारता येतात.

त्या काळी ब्रिटिश विमानांच्या पंखांवर ताणलेले तागाचे कापड असे. त्याच्या वरच्या बाजूस लोहयुक्त गेरूसारखी माती व काजळ रोगणात मिसळून केलेला हिरवट-तपकिरी रंग देत. खालची बाजू कापडाच्या मूळ मलईसारख्या रंगाची राही. हा रंग डबीतून काढून जसाच्या तसा लावू नये. दूरचा डोंगर जवळच्यापेक्षा फिका दिसतो, त्याचप्रमाणे लहान प्रतिकृती ही दुरून पाहिलेल्या विमानासारखी असते. म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळावा. एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात बरे. आपल्या मुंबईत पावसाळ्यात काही रोगणांवर दमट हवेमुळे पांढुरकी साय धरते. तेव्हा कोरडा दिवस पाहूनच काम करावे. रंग वाळल्यावर चकचकीत रोगण देऊन त्यावर पाण्यात भिजवून सोडविलेली वर्तुळाकार चिन्हे बसवावीत. मग टर्पेंटाइनमध्ये खूप पातळ केलेला गडद तैलरंग खाचांत उतरू द्यावा, वरचा पुसून घ्यावा आणि शेवटी निस्तेज रोगणाचा हात द्यावा.

यानंतर डागांचा प्रश्न येतो, आणि खरी परीक्षा येथेच आहे. प्रत्येक डागास कारण हवे. त्याच काळच्या सॉपविथ 'कॅमल' विमानाचे इंजिन स्वतःच गरगर फिरे व वंगण म्हणून घातलेले एरंडेल चोहोकडे उडवी. त्या विमानाचे पोट तेलकट दाखविणे योग्यच. डॉल्फिनचे इंजिन मात्र स्थिर व पाण्याने थंड होणारे होते. म्हणून त्यावर तेलाचा सडा नको. धूम्रनलिकेच्या तोंडापासून मागे विरत जाणारी काजळी तेवढी पुरे. कापडावरचा रंग पत्र्यावरच्या रंगासारखा टवका उडून चंदेरी होत नाही, कारण खाली धातूच नसतो. यांत्रिक जेथे वारंवार झाकणे उघडीत, त्या पत्र्याच्या कडा मात्र झिजलेल्या असाव्यात. गवताळ मैदानावरून उड्डाण होई, म्हणून चाकांना चिखल लागलेला असावा. १९४४ साली इंफाळच्या रणभूमीवर भारतीय वैमानिकांनी वापरलेल्या 'हरिकेन' विमानालाही हाच न्याय लागू आहे : त्याच्या धातूच्या पंखांच्या मुळाशी टवके शोभतील, पण मागचा देह कापडाने मढविलेला असल्याने तेथे शोभणार नाहीत.

हे शिकण्यास परदेशी जावे लागत नाही. लालबाग-परळच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत कारागीर फवाऱ्याने सावली देतात, ते पाहावे. पितांबराच्या चुणीत, बोटांच्या सांध्यांत, जेथे प्रकाश पोहोचत नाही तेथेच गडद छटा पडते. मन मानेल तेथे नाही.

आणि गोळ्यांची छिद्रे? मी त्या मुलास विचारले, "ही तू कोणत्या पुराव्यावरून पाडलीस?" तो निरुत्तर झाला. ज्या विमानात एका तेवीस वर्षांच्या माणसाने प्राणघातक जखमा सोसल्या, त्याच्या अंगावर आपण शोभेखातर जखमा काढाव्यात काय? पालकांनीही आपल्या मुलांच्या अशा छंदास केवळ खेळ समजू नये. सत्य व कल्पना यांतील सीमारेषा येथे हाताने शिकता येते.

पुढच्या सोमवारी ती पेटी पुन्हा माझ्या मेजावर आली. छिद्रे बुजली होती, तेल पुसले गेले होते, चाकांवर थोडा चिखल तेवढा उरला होता. खाली सुवाच्य अक्षरांत लिहिलेल्या चिठ्ठीवर एक नाव व एक तारीख होती : श्रीकृष्ण वेलिणकर, २७ जून १९१८. ते विमान आता आमच्या वर्गातील कपाटात ठेवले आहे.