घर चाकांवर, सायकल पाठीवर!

पणदरेकर, एक झटपट प्रश्न. युरोपातल्या नेदरलँड्समधला सर्वांत उंच 'डोंगर' किती उंच असेल? फक्त 322 मीटर! आणि आपला नीरा-बारामती पट्टा? समुद्रसपाटीपासून 500 मीटरच्याही वर. म्हणजे पणदऱ्यात टपरीवर चहा मारणारा गडी रोजच डचांच्या एव्हरेस्टपेक्षा उंचावर बसलेला असतो. फुकटात!

नेदरलँड्समध्ये घाट नाही, म्हणून सायकल मारताना घाम नाही. लोकसंख्या सुमारे 1 कोटी 80 लाख, सायकली 2 कोटी 30 लाखांच्या आसपास. चालवायला माणसंच कमी पडतात!

देश तरी केवढा? पुणे, सातारा आणि सोलापूर हे तीन जिल्हे एकत्र करा, झालं नेदरलँड्स! कॅम्परव्हॅन घेऊन सुसाट निघालात, तर संध्याकाळपर्यंत देश संपायचा. म्हणून मुरलेले भटके व्हॅनला फक्त मुक्कामाची खोली मानतात. मागच्या कॅरिअरवर दोन सायकली, व्हॅन गावाबाहेरच्या कॅम्पर तळावर, आणि पुढचा कारभार पायडलवर. मस्त ना?

पण सावधान! रस्त्याकडेला पडदे ओढून ताणून दिली, तर दंडाची पावती हातात पडू शकते. मुक्काम ठरलेल्या तळावरच. आणि माहीत आहे का, तिथल्या गाड्यांची नंबरप्लेट पिवळी असते, पण सायकलींमागे ती झाकली गेली तर कॅरिअरवर तोच नंबर पुन्हा लावायचा, पांढऱ्या प्लेटवर. सायकलीचा थाट बघा!

वाट चुकायची भीती? आकडे लावा! मटक्याचे नव्हेत हो. सायकलमार्ग जिथे एकमेकांना मिळतात, त्या प्रत्येक ठिकाणाला नंबर असतो. चिठ्ठीवर चार-पाच नंबर लिहा, हँडलला अडकवा, सुटा. ही आयडिया मात्र शेजारच्या बेल्जियमची. खाणीत काम केलेल्या ह्युगो बोलेन या इंजिनिअरच्या डोक्यातून ती निघाली.

आता रिंगण! तुकोबांच्या पालखीत बेलवडीला आणि इंदापूरला अश्वांचं रिंगण आपण बघतोच. आइंडहोवनला सायकलींचं रिंगण आहे, तेही हवेत! मधोमध 70 मीटरचा खांब, त्याला 24 केबल, आणि त्यावर तोललेला गोल पूल. खाली मोटारी सिग्नलला ताटकळतात, वरून सायकलवाले शिट्टी वाजवत पसार. नाव होवनरिंग, सुरुवात 2012 ची.

तिथून जवळच न्यूनेन गाव. व्हॅन गॉग इथे 1883 ते 1885 राहिला. कॅम्परव्हॅनमधून व्हॅन गॉगच्या गावाला, एवढा विनोद माफ करा! या गावाजवळचा एक सायकलमार्ग रात्री चक्क चमकतो. दिवसा ऊन पिणारे दगड अंधारात व्हॅन गॉगच्याच चांदण्यांच्या चित्रासारखे उजळतात.

नीरा डाव्या कालव्याच्या काठी वाढलेल्यांना पाण्याचं काय कौतुक? थांबा. हार्डरवाइकजवळ फेलुवमेर सरोवरात रस्ताच पाण्याखाली बुडी मारतो. वरून होडी, खालून तुमची गाडी! पाण्याची खोली अवघी तीन मीटर, तेवढ्यात होड्यांचं भागतं.

उट्रेख्त स्टेशनखाली एकाच ठिकाणी 12,500 सायकली लावता येतात. पहिले 24 तास फुकट! ॲम्स्टरडॅममध्ये मात्र काहींना कालवाच पार्किंग वाटतो. दरवर्षी हजारो सायकली गळाऐवजी क्रेनने पाण्यातून काढतात आणि भंगारात घालतात.

हे सगळं आभाळातून पडलं, असं वाटतंय? अजिबात नाही. 1971 साली तिथे रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसं मेली, त्यात 400 हून जास्त मुलं. पत्रकार विक लांगेनहोफ यांची मुलगी अपघातात गेली आणि त्यांच्या लेखातून 'मुलांच्या हत्या थांबवा' ही चळवळ उभी राहिली. आयाबाया पोरांना घेऊन रस्त्यावर बसल्या. 1973 च्या तेलटंचाईत सरकारने रविवारी मोटारी बंद केल्या, तेव्हा मोकळ्या रस्त्यांची चव सगळ्यांनाच कळली. वेगळे सायकलमार्ग त्यानंतर जोमाने वाढले. आपल्या पालखी महामार्गावर वारकऱ्यांसाठी वेगळी पायवाट आखली, त्यामागचं गणितही हेच: चालणारा आणि ट्रक एका पट्टीत नकोत.

आणि चाकांवरच्या बिऱ्हाडाचं म्हणाल, तर दिंडीचा ट्रक आठवा. गॅस, भांडी, तंबू, पथाऱ्या, सगळं आत! महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण 2021 मध्ये आणलं. दिंड्या त्याच्या कितीतरी आधीपासून फॉर्मात आहेत.

बाय द वे, डच मंडळी आपल्या शेजारीही पोचलीत! बारामतीच्या शारदानगरला कृषी विज्ञान केंद्रात भाजीपाल्याचं इंडो-डच केंद्र आहे. पणदऱ्याहून सायकलवर जाण्याजोगं, व्हिसा नको!

शेवटचा नग कडक. सायकलवाल्याचा जन्माचा वैरी कोण? समोरचा वारा. डचांनी त्याचीच राष्ट्रीय स्पर्धा ठेवलीये! वादळी वाऱ्याचा अंदाज आला की तारीख जाहीर, झीलंडच्या समुद्रबांधावर साडेआठ किलोमीटर, सायकली बिनगिअरच्या, आणि वारा थेट थोबाडावर. हवामान छान असेल, तर स्पर्धा रद्द!