गिधाडांच्या घरट्यांसाठी योग्य जागेची निवड

मेलेल्या गुरांची विल्हेवाट लावून गावाचा परिसर स्वच्छ राखणारा गिधाड हा शेतकऱ्याचा जुना साहाय्यक होय. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात इतकी घटली, की हजारांमागे जेमतेम एक उरले. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मढ्यातून त्यांच्या पोटात जाऊन मूत्रपिंडे निकामी होत, हे त्याचे मुख्य कारण होय. गुरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली.

गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. नर व मादी ते आळीपाळीने उबवितात आणि पिलू उडू लागेपर्यंत कित्येक महिने जातात. ऐन विणीत घरट्याचे झाड तुटल्यास त्या जोडीचे वर्ष वाया जाते. म्हणून जागेची निवड व राखण महत्त्वाची आहे.

पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच झाडावर, तर लांब चोचीचे गिधाड बहुधा कड्याच्या कपारीत घरटे करते. जागा निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

(१) जुन्या घरट्याची जागा प्रथम राखावी. जोड्या पुष्कळदा तेथेच परततात. झाडाखालील किंवा कड्यावरील विष्ठेचे पांढरे ओघळ ही तिची खूण होय.

(२) झाड उंच व मजबूत फांद्यांचे असावे. रायगड जिल्ह्यात आंबा, नारळ अशा झाडांवर घरटी आढळली आहेत. पक्षी जड असल्याने उतरण्यास व उडण्यास मोकळी वाट हवी.

(३) जवळ विजेच्या तारा, दगडखाण किंवा वर्दळ नसावी.

(४) जवळपास पाणी असावे.

ऑक्टोबर ते मे या काळात अशा ठिकाणी वृक्षतोड, सुरुंग व वणवा टाळावा. जुने झाड एक दिवस पडणारच. म्हणून शेजारी त्याच जातीची रोपे आजच लावावीत.

मात्र अन्न विषारी असल्यास उत्तम झाडही व्यर्थ होय. केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरावरही २०२३ साली बंदी आली. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने गिधाडांना निर्धोक असे मेलॉक्सिकॅम वापरावे. औषध दिलेले जनावर मेल्यास ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे.

ग्रामसेवकांनी गावातील घरट्यांच्या झाडांची नोंद करून ती वनरक्षकास कळवावी आणि झाडाच्या मालकास त्याचे महत्त्व समजावून सांगावे. मालकाने कुऱ्हाड आवरली, तर शिवारावर गिधाडे पुन्हा घिरट्या घालू लागतील.