गाडी बदलायची की ठेवायची?

मैत्रिणींनो, साधी साडी घ्यायची तर आपण चार दुकानं पालथी घालतो. मिक्सर घ्यायचा तर शेजारणीला विचारतो, बहिणीला फोन करतो. पण दारात पोटापाण्याची गाडी यायची असली की आपण काय करतो? हार आणि पेढे तयार ठेवतो, आरतीचं तबक सजवतो आणि ‘हे’ दाखवतील त्या जागी सही करतो. २०२१ च्या दिवाळीत मी तरी असंच केलं होतं. आपण कर्जाच्या कागदावर सहकर्जदार झालो आहोत, हे मला पुढे कितीतरी दिवसांनी नीट उमगलं!

आम्ही जुन्नरला राहतो. सकाळी मी शाळेत अर्धवेळ शिकवते, दुपारनंतर घर आणि मुलं. ह्यांची डिझेलवरची पिकअप आहे. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारातून क्रेट भरायचे, माळशेज घाट उतरून पहाटेच्या आत वाशीचं मार्केट गाठायचं आणि येताना मिळेल ते परतीचं भाडं आणायचं, असा आमचा व्यवसाय. गाडी कोणत्या कंपनीची, ते मुद्दामच लिहीत नाही. कारण पुढे वाचलंत की तुमच्या लक्षात येईल, दोष कंपनीचा नव्हताच.

घाटातली ती रात्र

२०२५ च्या डिसेंबरातली गोष्ट. भिवंडीहून किराणामाल भरून हे रात्री परतत होते. माळशेज चढताना गाडीचा जोर एकदम गेला. पाय कितीही दाबला तरी गाडी बैलगाडीच्या वर जाईना. शेवटी कडेला घेऊन उभी केली. वळणाचा रस्ता, मिट्ट काळोख, मागून येणारे ट्रक आणि फोनला रेंज नाही. इकडे मी बारापासून घड्याळाकडे बघत बसलेली.

सकाळी दहाला हे घरी आले ते चहासुद्धा न घेता म्हणाले, “ही गाडी आता विकायची. दुसऱ्या कंपनीची घेणार.”

ह्यांच्या मित्राकडे त्या दुसऱ्या कंपनीची पिकअप आहे. तो रोज तिचे गोडवे गातो. संध्याकाळपर्यंत शोरूमचा माणूस घरी आलासुद्धा! जुनी गाडी ते घेणार, वर वीस हजारांचा एक्सचेंज बोनस. आणि सगळ्यात गोड गोष्ट त्यानं शेवटी सांगितली, “वहिनी, तुमचा हप्ता आत्ताच्यापेक्षा कमी होईल.”

पेन माझ्या हातात दिलं होतं. मी ते खाली ठेवलं आणि म्हटलं, “मला आठ दिवस द्या.”

ह्यांना राग आला. येणारच. पण सासूबाई मदतीला धावल्या. त्या शेतकऱ्याच्या घरातल्या. म्हणाल्या, “बैल बसला म्हणून कुणी लगेच त्याला बाजार दाखवत नाही रे. आधी खूर उचलून बघतात, खडा रुतलाय का.”

मी मांडलेला हिशेब

मुलांच्या चौकटीच्या वहीतलं एक कोरं पान घेतलं आणि वर्षभराच्या पावत्या खोक्यातून काढून मांडल्या. एकूण खर्च निघाला ७१,४०० रुपये. आकडा बघून माझ्याच पोटात गोळा आला. पण त्यातले ४६,००० टायर, ऑइल आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगचे होते. ते कोणत्याही कंपनीच्या गाडीला चुकत नाहीत. बिघाडाचे म्हणावेत असे राहिले २५,४००. शिवाय गाडी सहा दिवस उभी राहिली, त्यात साधारण पंधरा हजारांची मिळकत बुडाली. म्हणजे बिघाडानं वर्षाला चाळीस हजारांचा फटका दिला.

आता दुसरी बाजू. चालू हप्ता १७,४०० चा, आणि असे अकराच हप्ते उरले होते. शोरूमचा भाव आणि बोनस मिळून ५,८०,००० येणार. त्यातून जुन्या कर्जाचे १,८०,००० फेडले की हातात चार लाख. नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत, हूड-ताडपत्रीसकट, ११,२०,०००. म्हणजे ७,२०,००० चं नवं कर्ज, पाच वर्षांसाठी, हप्ता १५,६५०.

हप्ता खरंच कमी, महिन्याला १,७५० रुपयांनी! पण मी गुणाकार केला. जुने अकरा हप्ते म्हणजे १,९१,४००. नवे साठ हप्ते म्हणजे ९,३९,०००. त्यातलं नुसतं व्याजच २,१९,०००, वर्षाला सरासरी जवळजवळ चव्वेचाळीस हजार. म्हणजे इतक्या वाईट गेलेल्या वर्षात बिघाडानं जेवढं नेलं, त्याहून जास्त दर वर्षी व्याज नेणार! गोड बोलून सांगितलेला हप्ता कधी एकटा बघू नये बायांनो. त्याला महिन्यांनी गुणावं, मग तो आपलं खरं तोंड दाखवतो.

आणखी एक गोष्ट कळली. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली म्हणून सगळे खूश. पण नव्याचा भाव उतरला की जुन्यालाही गिऱ्हाईक कमीच देऊ करतं. आपली गाडी देऊन नवी घेणाऱ्यानं दोन्ही बाजू बघायला हव्यात.

खुरातला खडा

हिशेब झाला, पण गाडी बसली का, हे कळायला हवं होतं. ह्यांच्याबरोबर मी वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या मेस्त्रींनी मला समजेल असं सांगितलं, ते तुम्हालाही सांगते.

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. त्यामुळे आताच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा एक फिल्टर असतो. कंदिलाच्या काचेवर काजळी धरते ना, तशी ती त्यात साठते. गाडी चांगल्या वेगानं पंधरा-वीस मिनिटं सलग चालली की फिल्टर साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापतो आणि काजळी जळून जाते. पण गाडी थोडं चालून सारखी बंद झाली तर हे जाळण्याचं काम अर्धवट राहतं. मग समोर एक पिवळा दिवा लागतो. तोही दुर्लक्षिला तर काजळी इतकी साठते की गाडी ती आपली आपण जाळू शकत नाही, आणि इंजिन वाचवण्यासाठी स्वतःच जोर कमी करते.

आमचं हेच झालं होतं. तुळशीचं लग्न लागलं की टोमॅटोची भाडी कमी होतात आणि मांडववाल्यांची सुरू होतात. खुर्च्या, गाद्या, पातेली घेऊन गाडी महिनाभर गावातल्या गावात फिरत होती. दिवा पंधरा दिवस लागत होता आणि गाडी चालवणारा पुतण्या म्हणत होता, “काही नाही काका, लागतो तो.” त्यात भर म्हणजे पैसे वाचवायला आम्ही बाहेरून साधं ऑइल घातलं होतं. ह्या गाड्यांना कमी राख होणारं ऑइल लागतं. काजळी जळते, राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये बसून राहते.

तरी ह्यांच्या मनाचं समाधान व्हावं म्हणून आम्ही दुसऱ्या कंपनीच्या शोरूममध्येही गेलो. गाडी छानच होती, खोटं कशाला बोलू? मी पुढे बसले, किल्ली फिरवायला सांगितली आणि समोर उजळलेल्या दिव्यांतल्या एकावर बोट ठेवलं. “हा कसला?”

“मॅडम, तो फिल्टरचा.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. तोच दिवा, तोच फिल्टर. गावातल्या गावात फिरवली असती तर हीही गाडी घाटात अशीच बसली असती. शिवाय हिचं वर्कशॉप आम्हाला दूर पडणार होतं.

खरं काय हवं होतं?

त्या रात्री जेवणं झाल्यावर हे अंगणात बसले होते. मी विचारलं, “अहो, त्या घाटात नेमकं काय झालं?” तेव्हा म्हणाले, “अगं, चाळीस मिनिटं उभा होतो. प्रत्येक ट्रक आला की वाटायचं, ह्याला मी दिसलो नाही तर? मुलं आठवली.”

मैत्रिणींनो, तेव्हा कुठे मला कळलं. ह्यांना दुसऱ्या कंपनीची गाडी नको होती, पुन्हा तसं घाटात उभं राहायचं नव्हतं. पुरुषमाणसं भीती वाटली म्हणत नाहीत, गाडी वाईट आहे म्हणतात. आणि मी वही घेऊन फक्त आकडे मांडत होते!

मग ठरलं ते असं. फिल्टर वर्कशॉपमध्ये साफ करून घेतला, योग्य ऑइल घातलं. चकाकणारे दोन त्रिकोण आणि एक चांगली बॅटरी गाडीत ठेवली. गावातली भाडी असतील तेव्हा आठवड्यातून एकदा गाडी हमरस्त्यावर अर्धा तास सलग चालवायची. दिवा लागला की त्याच दिवशी लक्ष द्यायचं. आणि कर्ज फिटलं की पुढचं वर्षभर तोच हप्ता आपल्याच नावानं बँकेत टाकायचा. दोन लाखांच्या वर रक्कम उभी राहील. मग गाडी बदलायचीच झाली, तर आपल्या पैशानं, आपल्या सवडीनं.

गाडी कधीच बदलू नये असं मी म्हणत नाही. सुटे भाग मिळेनासे झाले, बिघाडाचा खर्च नव्या कर्जाच्या व्याजाच्या पुढे जाऊ लागला, किंवा कामच बदललं, तर जरूर बदलावी. कायम गावातल्या गावातच भाडी असतील, तर डिझेलऐवजी सीएनजीवर चालणाऱ्या छोट्या गाडीचा विचार करावा. पण तुमच्या घरी ही वेळ आली तर सही करण्याआधी एवढं बघा:

• शोरूमबरोबर बाहेरच्या दोन गिऱ्हाइकांचाही भाव घ्या. बोनस धरूनही शोरूमचा भाव कमी असू शकतो.

• कर्ज मुदतीआधी फेडल्यास वेगळा आकार पडतो का, ते लेखी विचारा.

• विम्यावरचा ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो नव्या गाडीच्या विम्यावर मागून घ्या.

• जुनी गाडी दिली की नोंदणीपुस्तकावरचं नाव बदललं का, ते स्वतः बघा. नोंदणीत ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला मालक धरला जातो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

परवा हे वाशीहून आले आणि चहा घेताना म्हणाले, “काल दिवा लागला होता. गाडी बंद न करता आळेफाट्यापर्यंत नेली, विझला.” मी ‘बरं’ म्हटलं आणि वहीत तारीख लिहून ठेवली.